ओल बघायला आलेली बाई

भिंतीच्या ओलीचा वास आला की मिरकरवाड्याजवळचं ते घर आठवतं. विकत घेऊन भाड्याने देण्यासाठी स्वस्तातलं घर शोधत मी तपासणीची यादी घेऊन गेले होते. मालक मुंबईत; दार उघडलं तिथे एकट्या राहणाऱ्या त्याच्या आईने. "इथं पण पाझरतं हो ताई, नीट बघा," म्हणत तिने कपाटसुद्धा सरकवलं. मी खुणा करत गेले आणि शेवटी विचारलं, "ताबा कधी देताय?" "कसला ताबा? ओल काढायला मुलग्यानं पाठवलंन ना तुम्हाला?" मी "हो" म्हणाले, तिने दिलेलं कोकम सरबत प्यायले आणि संध्याकाळी मुलाला फोन करून, तिनेच दाखवलेल्या ओलीवर बोट ठेवून भाव पाडला. ते घर आज माझं आहे. भाडेकरू बदलला की रंगाऱ्याकडे किल्ली देते. स्वतः जात नाही.