दंडावरचे टाके

अमेरिकेत, आयोवातल्या एका गावच्या चर्चच्या तळघरात प्रार्थनेनंतरची कॉफी चालू होती आणि हार्लन आपला फोन टेबलाटेबलावरून फिरवत होता. फोनवर त्याच्या लेकीचा, अनिकाचा फोटो. पेरूमधल्या डोंगरातल्या एका गावचा दवाखाना, समोर कुणाचा तरी फाटलेला दंड, आणि हातमोजे घालून ती त्याला टाके घालतेय. कॉलेजच्या तिसऱ्या वर्षातले चार महिने ती तिकडे शिकायला गेली होती. परत आली की जूनमध्ये मेडिकलचे अर्ज.

"चला, माझे गुडघे आता हिच्याकडे," विल्मा म्हातारी म्हणाली. "आईला नुसतं रक्त प्यायला येतं."

सगळे हसले. अनिकाची आई मार्लिस बावीस वर्षं गावच्या इस्पितळात रक्त काढायचं काम करत होती, त्यामुळे हा विनोद जुनाच. पण आज तिची नजर फोटोतल्या सुईवरच अडकली. तिने स्वतः पहिली सुई रबरी हाताला टोचली होती. मग कितीतरी आठवडे दुसऱ्याच्या नजरेखाली, मग परीक्षा, तेव्हा कुठे माणसाचा हात. पोरीकडे यातलं काहीच नव्हतं. असा फोटो पाहिला की मेडिकलच्या निवड समितीतले लोक अर्ज सरळ बाजूला ठेवतात, हे तिने इस्पितळातल्या डॉक्टरांकडूनच ऐकलं होतं. तिने हार्लनला फोन खिशात टाकायला सांगितला. तिला सुखातही खोटच दिसते, असं तो पुटपुटला.

गाडीत बसून तिने अनिकाला फोन लावला. अनिकाचं म्हणणं, तिथले डॉक्टरच म्हणाले, घाल, उद्या तुलाच करायचंय. रांगही केवढी होती. अर्जासोबतच्या निबंधाची सुरुवातच तिने त्या टाक्यांनी केली होती.

"इथे आयोवात घातले असतेस?"

"इथलं वेगळं आहे गं, आई."

"दंड वेगळा असतो?" मार्लिसने विचारलं. "बरं, त्या माणसाचं नाव काय?"

अनिकाला ते माहीत नव्हतं.

बुधवारी तिचा निरोप आला. नाव फोर्तुनातो. जखम पिकली होती, डॉक्टरांनी टाके काढून ती धुतली. या वेळी अनिका नुसती त्याचा दुसरा हात धरून बसली होती. मग तिने मेडिकलच्या अर्जांचं बघणाऱ्या कॉलेजच्या सल्लागारबाईंना सगळं लिहून कळवलं. त्यांचं उत्तर अजून नाही.

ते उत्तर रविवारपर्यंतही आलं नाही. मार्लिस बुधवारपासून दर रुग्णामागे एकदा फोन बघत होती. चर्चच्या दाराशी, कुणासाठी प्रार्थना करायची ते लिहून टाकायच्या चिठ्ठ्यांची टोपली असते. जानेवारीपासून ती दर खेपेला एकच ओळ लिहायची: अनिकाचा प्रवेश. आज तिने लिहिलं: फोर्तुनातो, दंड.

"हा कोण?" विल्माने वाकून वाचत विचारलं.

"अनिकाचा पेशंट," मार्लिस म्हणाली. मग तिने चिठ्ठी टोपलीतून परत घेतली आणि खाली, बारीक अक्षरात, जुनी ओळही लिहिली.