सीतादहीच्या दिवशी व्याख्यान

दिवाळीच्या सुट्टीत मी पुण्याच्या कॉलेजातून अमरावतीजवळच्या आमच्या गावी घरी आलो होतो. अमरावतीच्या लायब्ररीत दर रविवारी सभा भरे. कोणी वर्तमानपत्र वाचून दाखवी, कोणी निबंध वाची, मग पानसुपारी होई. तिथले चिटणीस वकील होते. ते मला म्हणाले, "कापसाचे भाव का चढले, यावर बोलाल का? कोणता रविवार सोयीचा?" आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि इतक्या मोठ्या माणसानं मला 'अहो' म्हटलेलं. मी येणारा रविवारच सांगून टाकला.

घरी हे सांगितलं तेव्हा माय ज्वारी पाखडत होती. तिचं सूप थांबलं. रविवारी आमच्या शेतात सीतादही ठरलं होतं. बोंडं फुटून रान पांढरं झालं होतं, पण घरच्या बाईनं शेतात पूजा करून दहीभात शिंपडल्याशिवाय आमच्याकडे वेचणीला कोणी हात लावत नाही. लहानपणापासून पाहिलेली गोष्ट. दिवस ठरवताना मला ती आठवलीसुद्धा नव्हती.

"मी वकीलसायबाले पुढचा रविवार सांगतो," मी म्हणालो.

"काहून? त्याइनं तुले बलावलं," बाबा म्हणाले. "सीतादही सोमवारी करू. कापूस काही पयून नाही जात."

"वारं सुटलं त जाते," माय म्हणाली. "पण मले बी आयकाचं हाय, पोरगं काय बोलते ते."

मी तिथंच अडून बसायला हवं होतं. बसलो नाही. मला बोलायचं होतं.

रविवारी आम्ही बैलगाडीनं गेलो. सतरंजीवर वकील, मास्तर, शास्त्री बसले होते. बाबा दाराशी टेकले. बायकांनी आत बसायची पद्धत नव्हती, म्हणून माय बाहेर ओट्यावर, खिडकीखाली बसली. मी अमेरिकेच्या उत्तर आणि दक्षिण प्रांतांतील कलहाबद्दल, विलायतेतल्या गिरण्यांबद्दल, आयात-निर्यातीबद्दल बोलू लागलो. पुण्यात मोठ्या कष्टानं शिकलेली भाषा होती ती. आवाज मात्र सतरंजीपलीकडे जात नव्हता.

"जरा जोरानं बोल, बाबू," बाबा दारातून म्हणाले. "तुह्या मायले आयकू येऊन नाही राहिलं."

सगळे हसले. "मातोश्रींचा हुकूम आहे, पाळा," एक मास्तर म्हणाले.

मी आवाज चढवला. शब्द तेच ठेवले. खिडकीत मायच्या लुगड्याचा पदर दिसत होता. तो शेवटपर्यंत हलला नाही.

सभा संपल्यावर चिटणीसांनी बाबांच्या हाताला अत्तर लावलं. परतताना बाबा सारखा हात हुंगत होते. वारा सुटला होता. माय एवढंच म्हणाली, "घसा दुखला असंन तुहा."

सोमवारी शेतात गेलो तर कितीतरी बोंडं रिकामी झाली होती. कापूस झाडांखाली मातीत, पाचोळ्यात पडला होता. त्या वर्षी मूठभर कापसालाही माणसं जपत होती. वेचणाऱ्या बाया धुऱ्यावर, शेताच्या बांधाशी थांबल्या होत्या. मायनं पूजेसाठी मांडलेल्या दगडांना कुंकू लावलं, दहीभात शिंपडला, हात जोडले. मग माझ्याकडे वळली.

"आता सांग, काल काय बोलला."

मी सांगितलं. अमेरिकेत आपसातच लढाई लागली. तिथला कापूस विलायतेले जाऊन नाही राहिला. मनून आपल्या कापसाले भाव आला. लढाई सरली का उतरंन.

"येवढंच?"

"येवढंच."

"मंग तिथं काहून येवढा वेळ लावला?"

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. "सभेत तसंच बोला लागते," बाबा म्हणाले.

माय खाली वाकून पडलेला कापूस उचलू लागली, फुंकर मारून माती उडवू लागली. मीही शेजारी बसलो.

"तू ऱ्हाऊ दे, तुह्ये कपडे भरतीन."

मी उठलो नाही. जमेल तसा वेचत राहिलो. माझी ओंजळ भरली की ती हातातला कापूस घेई, त्यातला पाचोळा पुन्हा एकदा काढी, आणि मग आपल्या ओटीत टाकी.