वदान टाळणारा देद्दाह

वाळवंटातल्या शिंगेटी गावाहून वदानला जायला उंटांच्या चालीने पाच दिवस लागतात. त्या वाटेवर देद्दाहने आजवर एकही माणूस हरवू दिला नाही, असं सगळ्यांना सांगणारा माणूस म्हणजे देद्दाह स्वतःच. तीस वर्षं तो फिरंगी पाहुण्यांना वाळवंट दाखवत होता. काटकुळा बांधा, निळा घोळदार झगा, डोक्याला काळा फेटा आणि तोंडाला क्षणाची उसंत नाही. फ्रेंच फर्डं बोलायचा. पण त्याची खरी करमणूक चालायची त्याच्या स्वतःच्या हसानी बोलीत, कारण ती पाहुण्यांना कळत नसे.

या खेपेला चार पाहुणे होते. पहिल्याच दिवशी त्याने म्हाताऱ्या उंटवाल्या बिलालला सगळ्यांना ठेवलेली नावं सांगून टाकली. उंच माणूस म्हणजे तंबूचा खांब. सारखं कुरकुरणारं जोडपं म्हणजे पिशवीतली मांजरं. आणि सोलांज नावाची सत्तरीची जाडजूड बाई, जिला उंटावर चढवताना दोघांना घाम फुटायचा, ती म्हणजे ज्वारीचं पोतं.

"बिलालबाबा, पोतं नीट बांधा बरं. सांडलं तर वेचत बसावं लागेल," असं तो रोज सकाळी तिच्यासमोरच म्हणायचा. सोलांज गोड हसायची.

बिलालला मात्र दुसऱ्याच गोष्टीची मजा वाटायची. वदान जवळ आलं की देद्दाहचा चेहरा उतरायचा. अकरा वर्षांपूर्वी काडीमोड घेऊन त्याची बायको तेकबेर माहेरी, वदानला परतली होती. माहेरच्या बायकांनी तिथल्या रीतीप्रमाणे ढोल बडवून, हातावर मेंदी काढून तिला घरात घेतलं होतं. तिथे तिने पाहुण्यांना उतरायला चार खोल्या काढल्या आणि गावात तेवढीच एक सोय होती. म्हणून देद्दाह मुक्काम खाली खजुरांच्या बनात ठोकायचा. "गावात विंचू फार," असं पाहुण्यांना सांगायचा आणि पडकं जुनं गाव दाखवायला बिलालला पाठवायचा.

"विंचू एकच आहे," बिलाल म्हणायचा, "आणि तो चहा छान करतो."

पाचव्या दिवशी दुपारी वारा उठला. समोरच्या उंटाचं शेपूट दिसेना. तंबू ठोकायचा प्रश्नच नव्हता. देद्दाह डोळ्यातली वाळू काढतोय तोवर बिलालने उंट हाकले, ते थेट तेकबेरच्या अंगणात.

तेकबेर दारातच उभी होती. तिने पाहुण्यांना आत घेतलं, बसायला चटया दिल्या, शेगडीवर किटली चढवली. मग देद्दाहकडे न बघता ती पाहुण्यांना हसानीत म्हणाली, "या माणसानं तुम्हाला इथवर आणलं? धन्य आहे तुमची! मला हा माझ्या भावाच्या लग्नाला घेऊन निघाला होता. दोन दिवस एकाच बाभळीभोवती फिरवलं. मी म्हणतेय, अहो, याच झाडाखाली आपण काल जेवलो, या बघा आपल्याच खजुराच्या बिया. तर म्हणे, बिया सगळ्या सारख्याच दिसतात. पोचलो तेव्हा नवी नवरी भांडी घासत होती!"

पाहुणे देद्दाहकडे बघू लागले.

"घरमालकीण म्हणतात, तुमचं स्वागत आहे," देद्दाह फ्रेंचमध्ये म्हणाला. "पाहुणे म्हणजे पाऊस."

"एवढंच? किती वेळ बोलत होत्या त्या," खांब म्हणाला.

"आमची भाषा जरा पसरट आहे."

तेवढ्यात सोलांजच्या नाकातोंडातून चहा उडाला. तिने पदरासारखी गळ्यातली ओढणी तोंडाला लावली, खोकली आणि स्वच्छ हसानीत विचारलं, "तेकबेरबाई, मग त्या बियांचं काय झालं?"

बिलाल चटईवर आडवा होऊन हसायला लागला. देद्दाहच्या डोळ्यांपुढून पाच दिवसांतली एकेक सकाळ सरकली.

"बाई, तुम्हाला... येतं?"

"इथल्याच अतार गावात अकरा वर्षं नर्स होते मी. एकेका बाळंतिणीनं निदान दोन शिव्या तरी शिकवल्यात मला."

"मग बोलला का नाहीत?"

"पोतं कधी बोलतं का?"

"पोतं कुणाला म्हणाला हा?" तेकबेरने कंबरेवर हात ठेवले.

मग न्यायनिवाडा झाला. बाहेर वारा घोंघावत होता, पळून जायला वाट नव्हती. तेकबेर एकेक प्रसंग सांगणार आणि देद्दाहने तो जसाच्या तसा फ्रेंचमध्ये सांगायचा. एक शब्द गाळला की सोलांज बोट वर करायची. स्वतःची फजिती स्वतःच्याच तोंडून, तीही शुद्ध व्याकरणात सांगण्याची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. पाहुण्यांची नावंही बाहेर आली. मांजरं पहिल्यांदाच एकमताने हसली. खांबाने थोडा विचार केला आणि म्हणाला, "म्हणजे तंबू माझ्यावरच उभा, असंच ना?"

शेवटी तेकबेर म्हणाली, "नवरा म्हणून वाईट नव्हता. थंडीत आपली घोंगडी मला द्यायचा आणि सकाळी म्हणायचा, मला उकडत होतं. फक्त ऐकायचा नाही."

देद्दाहने तोंड उघडलं. फ्रेंच शब्द काही केल्या येईनात. सोलांजने या वेळी बोट वर केलं नाही.

वारा पडला. पाहुणे खोल्यांमध्ये गेले, बिलाल उंटांना चारा टाकायला उठला. देद्दाह तिथेच बसून राहिला.

"चहाचा तिसरा पेला झाला," तेकबेर म्हणाली. "तिसऱ्यानंतर पाहुण्यानं उठायचं असतं."

"मी कुठं पाहुणा? मी दुभाष्या."

 तेकबेरने किटलीत पाणी ओतलं आणि ती पुन्हा निखाऱ्यावर ठेवली.

"दुभाष्याला साखर कमी मिळते," ती म्हणाली.

त्या खेपेनंतर देद्दाहचा मुक्काम खजुरांच्या बनात पडलेला कुणी पाहिला नाही.