कॉम्प्युटरची आजोबांची बाजू
बाळांनो, परवा फोनवर तुम्ही आजोबांच्या आवाजातल्या गोष्टी मागितल्यात आणि मी विषय बदलला. आज कॉम्प्युटर पुसताना मागे एक पिवळी चिठ्ठी सापडली, म्हणून खरं काय ते लिहिते. आमच्या मिल्टनच्या घराच्या बेसमेंटमधल्या या कॉम्प्युटरवर दोन सिस्टिम होत्या, विंडोज माझी आणि लिनक्स आजोबांची. सुरू करताना कुठली हवी ते तो विचारायचा. घशाच्या ऑपरेशनमध्ये आवाज जाणार हे कळल्यावर आजोबांनी तुमच्यासाठी बावीस गोष्टी आपल्या लिनक्सच्या बाजूला रेकॉर्ड करून ठेवल्या. ऑपरेशननंतरच्या हिवाळ्यात, बेसमेंटची खिडकी बर्फाने बुजलेली आणि घर तापवणारी फर्नेस घरघरत असताना, मी विंडोजमध्ये फोटो लावत बसले होते. एक बिननावाची ड्राइव्ह दिसली. ती वापरायची तर फॉरमॅट करावी, म्हणजे पुसून कोरी करावी लागेल, करू का, असं स्वच्छ इंग्रजीत विचारलं होतं. मी दोनदा वाचून होकार दिला आणि तिथे वर्षांप्रमाणे सगळे फोटो भरले. संध्याकाळी ते पाहून तुमची आई ओरडली, “अगं आई, ते बाबांचं लिनक्स होतं! विंडोजला ते वाचता येत नाही, म्हणून विचारत होतं.” “मला रिकामी वाटली गं.” मिसिसागाच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या दुकानदाराने नकारार्थी मान हलवली, “आंटी, उसके ऊपर फोटो लिख गए, अब कुछ नहीं मिलेगा.” आजोबांनी या पिवळ्या चिठ्ठीवर लिहिलं, “फोटो मात्र छान लावलेस.” आता तेही नाहीत. गोष्टी मला अर्ध्यामुर्ध्या आठवतात, त्यांचा आवाज कुठेच नाही. फोटो आहेत, आणि ही चिठ्ठी आहे.