जळलेल्या रश्श्याची तारीफ

शहराच्या टोकाला, बेसा भागातल्या नव्या वस्तीत एका बाईंनी बंगल्याच्या तळमजल्यावर आठ टेबलांचं रेस्टॉरंट काढलं, तेव्हापासून माझ्या मेहुण्याला दुसरा विषय नाही. आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला त्याने आणि त्याच्या बायकोने आम्हा दोघांना तिथेच नेलं.

जेवायला आलेली मंडळी जेवत कमी आणि माना जास्त डोलवत होती. चमचाभर गोळाभात आला, डाळीच्या गोळ्यांचा, त्यावर चिंचेचा फेस. आयुष्यभर परातीतून गोळाभात चापलेली माणसं तो फेस पाहून डोळे मिटत होती. शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी तर घास तोंडात जायच्या आधीच "वा!" म्हटलं.

मग पाटोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा आला. पहिल्याच घोटाला माझ्या जिभेवर राख पसरली.

"जळलं गा हे," मी मेहुण्याला म्हणालो.

"भाऊजी, स्मोकी आहे ते. मुद्दाम करतात. तुम्हाले यातलं समजत नाही."

"किती डीप लागून राहिलं ना!" त्याची बायको म्हणाली. शेजारच्या गृहस्थांनी आमच्याकडे वळून दुजोरा दिला. असा धुरकट स्वाद शहरात दुसरीकडे कुठेच मिळत नाही म्हणे. माझ्या बायकोने वाटी गुपचूप बाजूला सरकवली.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून त्या बाई स्वतः बाहेर आल्या. कपाळावर घाम, खांद्यावर फडकं.

"माफ करा," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "खोबरं करपलं आणि कोणी चाखून न पाहता रस्सा वाढला. कडू झालाय. वाट्या परत द्या, मी ताजा करून आणते."

कोणी हललं नाही.

"नाही मॅडम, आम्हाला हाच आवडला," मेहुणा म्हणाला. शेजारच्या गृहस्थांनी वाटी जवळ ओढली, जणू कोणी हिसकावून घेणार होतं.

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. एवढी तारीफ ऐकून इतका पडलेला चेहरा मी पाहिला नव्हता.

"आमच्या दोन्ही घेऊन जा," मी म्हणालो. "कडूजहर आहे."

"थँक यू," त्या म्हणाल्या, आणि ते मनापासून होतं.

ताजा रस्सा यायला वेळ लागला. तोवर मेहुणा आणि त्याची बायको ती राख घोटाघोटाने संपवत होते. दर घोटानंतर पाणी. आता थांबणं म्हणजे चुकलो म्हणणं, आणि तेवढं धैर्य दोघांपाशी नव्हतं. आमच्या वाट्या आल्या. लालभडक तर्री, वर हिरवागार सांबार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, आणि खसखशीचा वास. बायकोने एक घास घेतला आणि "बाप्पा!" म्हणाली. मग तिने धाकट्या भावासमोर चमचा धरला.

"घेतो का रे थोडं?"

"नको," तो वासाच्या दिशेने न बघता म्हणाला, "पोट भरलं."

तिने खांदे उडवले आणि तो चमचा स्वतःच्या तोंडात घातला.