रात्री एक गोळी

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पुण्यात आईला नाही, आणि जिला सांगायलाच हवं होतं तिला तर नाहीच. आज लिहायला बसलेय खरी, पण हात मागे येतोय. आधी तिच्याबद्दल सांगते — तेवढंच माझ्याबद्दलचं पुढे ढकललं जाईल.

तिचं नाव डोरीन. वेलिंग्टनजवळचं आमचं अख्खं अप्पर हट गाव तिला आँटी डोरीन म्हणायचं, म्हणून आम्हीही. ती मूळची ऑस्ट्रेलियाची, तिथल्या आदिवासींपैकी, अ‍ॅबोरिजिनल. तरुणपणी चारशे मीटर धावायची, आणि गावातली नुसती पळणारी मुलगी नव्हे, देशाकडून धावलेली. विरेमू नावाच्या, इथल्या मूळच्या माओरी लोकांपैकी एका माणसाशी लग्न करून ती इकडे आली आणि इथलीच झाली. नदीकाठच्या मैदानावर मुलांना धावायला शिकवायची, म्हाताऱ्या बायकांना चालायला न्यायची, कुणाला हॉस्पिटलला जायचं असलं तर आपली व्हॅन काढायची. शाळेचं बक्षीस वाटायचं असो की कुणाचं भांडण मिटवायचं असो, बोलावणं तिलाच. पेपरात तिचा फोटो आला नाही असा महिना जात नसे.

आणि ती दारूला कधी शिवली नव्हती. सोळाव्या वर्षी तिच्या कोचने तिला सांगितलं होतं म्हणे — पोरी, लोक तुझ्या गळ्यातलं पदक बघायच्या आधी तुझ्या हातात बाटली आहे का ते बघतील. हे तिने मला स्वतः सांगितलं होतं. म्हणजे मला माहीत होतं. हे लक्षात ठेवा.

आम्ही २००३ साली आलो. माझ्या नवऱ्याची, शिरीषची, आयटीतली नोकरी वेलिंग्टनला, तो सकाळच्या ट्रेनने जायचा. मी पाच वर्षांच्या सईला घेऊन घरात. पुण्यात सात वर्षं फार्मसीत काढलेली मी, इथे पुन्हा विद्यार्थिनी — परीक्षा द्यायची, उमेदवारी करायची, मग रजिस्ट्रेशन. एकदा ऐन थंडीत मी चपला घालून नदीकाठी चालले होते. डोरीन समोरून मुलांचा घोळका घेऊन पळत आली, थांबली आणि तिने माओरीत नमस्कार केला. "किआ ओरा! बाई गं, त्या बोटांनी तुझं काय वाईट केलंय?"

तिथून सुरुवात. मला गाडी तिने शिकवली. माझी परीक्षा तिच्या स्वयंपाकघरात झाली असं म्हटलं तरी चालेल. ती पुस्तक धरून बसायची, औषधांची नावं विचारायची, आणि तिला एकही नाव धड उच्चारता यायचं नाही म्हणून आम्ही दोघी हसून हसून बेजार. सई तर तिचीच झाली होती. पहिल्यांदा शर्यत जिंकली तेव्हा ती धावत माझ्याकडे नाही आली, तिच्याकडे गेली.

मी पास झाले. आमच्याच गावातल्या एका छोट्या फार्मसीत लागले.

मग नदीकाठचं मैदान विकून तिथे घरं बांधायचं घाटू लागलं. आँटी डोरीन त्याविरुद्ध उभी राहिली, आणि लोकांनी तिला गळ घातली की तू कौन्सिललाच उभी राहा. ती राहिली. निवडून येणार यात कुणाला शंका नव्हती.

त्याच सुमारास तिचा पाय दुखायला लागला. जुनी दुखापत, नस दबलेली. डॉक्टरांनी एक गोळी लिहून दिली. मंगळवारी दुपारी ती दुकानात आली. मी एकटीच होते, रांग होती. आमच्या कॉम्प्युटरवर प्रत्येक सूचनेसाठी दोन-तीन अक्षरं टाइप करावी लागायची, की लेबलवर पूर्ण वाक्य छापून यायचं. चिठ्ठीवर होतं — रात्री एक गोळी. मी आधीच्या पेशंटची अक्षरं टाकली. छापून आलं — एक गोळी, दिवसातून तीन वेळा. मी बाटलीवर चिकटवलं. तिच्या हातात दिली. रांगेत माणसं होती तरी ती माझ्या गालाचा मुका घेऊन गेली.

चूक कुणाच्याही हातून होते. मी चुकीची कबुली देत नाहीये. ती तर सांगता आली असती.

शनिवारी सकाळी हॉलमध्ये सभा होती. उमेदवारांनी बोलायचं, लोकांनी प्रश्न विचारायचे. मी पहिल्या रांगेत, तिच्या शेजारच्या खुर्चीत. ती उठली तेव्हाच जरा तोल गेला. मला वाटलं, पाय. माइकसमोर गेली आणि बोलायला लागली — आणि शब्द नीट बाहेरच पडेनात. जीभ जड. एक वाक्य सुरू करायची, मध्येच अडकायची, पुन्हा तेच. ओठ कोरडे पडलेले, ते चाटत होती. डोळ्यांवर झापड. पाण्याचा ग्लास उचलायला गेली आणि तो पडला. मागून कुणीतरी हसलं. मग कुणीतरी, फार मोठ्याने नाही पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालं — सकाळी अकरालाच?

विरेमू उठून पुढे गेला आणि तिला दंडाला धरून बाहेर घेऊन गेला. धरलेला दंड लोकांनी बघितला. मनात काय ते त्यांनी ठरवून टाकलं.

सोमवारी मी आठवड्याच्या चिठ्ठ्या तपासून लावत होते. तिची हातात आली. रात्री एक. कॉम्प्युटरवर बघितलं. दिवसातून तीन.

माझा पहिला विचार तिच्या जिवाचा होता असं लिहायला मला आवडलं असतं. नव्हता. पहिला विचार होता — भिंतीवरचं सर्टिफिकेट. दुसरा — आमची रेसिडेन्सी अजून व्हायचीय. तिची आठवण तिसरी आली.

मी नवीन बाटली भरली, बरोबर लेबल लावलं आणि जेवणाच्या सुट्टीत तिच्या घरी गेले. ती सोफ्यावर बसली होती, अंगावर रजई. मला बघून उठायला लागली — चहा टाकते म्हणाली. मी म्हटलं, "बस. कंपनीने तो लॉट परत मागवलाय, म्हणून बाटली बदलायला आले. ही नवी गोळी जास्त स्ट्राँग आहे, ही रात्री एकच घ्यायची."

वाक्यं तोंडातून इतकी सहज आली. मी रस्त्यात ती घोकलीही नव्हती.

तिने जुनी बाटली मला दिली. आणि मग माझ्याकडे बघत विचारलं, "शनिवारचं ते या गोळ्यांनी तर नसेल ना झालं, लव्ह?"

सरळ विचारलं. दार उघडून दिलं. मी फक्त आत जायचं होतं.

मी म्हणाले, "नाही. या गोळ्यांनी असं होत नाही."

"बरं," ती म्हणाली. "तुला माहीत असणार."

हेच ते. आता सांगून झालं. पण इथे संपलं असतं तर?

दोन दिवसांनी सभेचे अध्यक्ष दुकानात आले. ग्रॅहम त्यांचं नाव, सज्जन माणूस. काउंटरवर वाकून हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही तिच्या शेजारीच बसला होतात. लोक काहीबाही बोलतायत. तिला दारूचा वास येत होता का?" नाही म्हणाले असते तरी पुरलं असतं. एक शब्द. पण नाही म्हटलं की पुढचा प्रश्न येणार — मग झालं काय होतं? मी म्हणाले, "आमच्या घरात कुणी घेत नाही हो. मला तो वास ओळखता यायचा नाही."

त्यांनी मान डोलावली. काय समजायचं ते समजले. आमच्या घरच्या सोवळेपणाचा असा उपयोग होईल हे माझ्या आईच्या स्वप्नातही आलं नसेल.

त्यानंतर पंधरा दिवसांनी तिने नाव मागे घेतलं. मला वाटलं, लोकांच्या बोलण्याला कंटाळून. तसं नव्हतं. एके दिवशी तिने मला गाडीत बसवलं, नदीकाठी नेलं आणि इंजिन बंद करून म्हणाली, "कुणाला सांगू नकोस. माझं डोकं जायला लागलंय." तिची आई साठीतच शब्द विसरायला लागली होती. शेवटी पोटच्या मुलांची नावंही गेली. "माझंही तसंच सुरू झालंय. शनिवारी मला शब्द समोर दिसत होते, पण तोंडात येत नव्हते. तू म्हणालीस ना, गोळ्यांनी नाही. मग दुसरं काय असणार?"

ती डॉक्टरांकडे जाऊन आली होती. त्यांनी औषधं विचारली. तिने नवी बाटली दाखवली. रात्री एक. सगळं बरोबर. तपासण्या केल्या, काही निघालं नाही. काही निघालं नाही याचीच तिला जास्त भीती वाटत होती.

मी तिचा हात हातात घेतला. एवढं केलं. एका वाक्यात त्या बाईचं उरलेलं आयुष्य मला परत देता आलं असतं, आणि मी तिचा हात थोपटत बसले. वर म्हणाले, "काळजी करू नकोस." आणि शपथ घातल्याप्रमाणे तिचं गुपित पाळलं!

त्यानंतर ती कधी सभेत बोलली नाही. मुलांना शिकवत राहिली, पण नावं तळहातावर लिहून आणायची. कुणाचं नाव पटकन आठवलं नाही — तुमचं-माझं रोज होतं तसं — तर तिचा चेहरा पांढराफटक पडायचा. मैदान विकलं गेलं. आमची रेसिडेन्सी झाली. सईने विचारलं, "आई, व्हाय डझन्ट आँटी टॉक एनीमोअर?" मी म्हटलं, दमते गं ती.

तिचं डोकं शेवटपर्यंत शाबूत होतं. २००९ मध्ये ती हृदयविकाराने गेली. वाटच बघत राहिली ती आईच्या त्या दुखण्याची — पाच वर्षं.

तिच्या आठवणी सांगायला त्याच हॉलमध्ये लोक जमले. एकेक जण उठून बोलत होता. मीही उठले. चपलांची गोष्ट सांगितली, गाडीची सांगितली. लोक हसले, रडले. विरेमूने पुढे येऊन माझ्या कपाळाला कपाळ आणि नाकाला नाक लावलं, त्यांच्या पद्धतीने. मी डोळे मिटून घेतले होते.

नंतर चहाच्या टेबलापाशी एक म्हातारी बाई माझ्याजवळ आली. मैदानावर आँटी तिला चालायला न्यायची. तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "किती चांगली होती गं. त्या दारूचं तेवढं वाईट झालं."

मी तिच्याकडे बघितलं. आणि मान हलवली — हो, म्हणून.