नेमोरने कम्प्युटरला शिकवलेला कायदा

प्रशांत महासागरातल्या मार्शल बेटांवरून नेमोर लांगरीन अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात, स्प्रिंगडेलला आली, तेव्हा एकवीस वर्षांची होती. अमेरिकेने पूर्वी तिच्या बेटांवर अणुबॉम्ब फोडून पाहिले होते. पुढे दोन देशांत करार झाला, म्हणून तिला व्हिसा लागला नाही. चिकनच्या कारखान्यात काम लागलं. कर सगळ्यांसारखाच कापला जायचा. पण १९९६च्या एका केंद्रीय कायद्याने तिच्या लोकांना गरिबांसाठीच्या सरकारी उपचार योजनेतून वगळलं होतं.

तिच्याजवळ राहणाऱ्या जेबान मामाला मोतीबिंदूमुळे दिसेनासं झालं. ऑपरेशन साधं होतं, पण खर्च आवाक्याबाहेरचा.

नेमोर दर मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत खासदाराच्या कचेरीत फोन लावू लागली. तिथल्या बाई आवाज ओळखायच्या.

"आज पुन्हा तूच का?"

"कायदा बदलेपर्यंत मीच!"

कारखान्यातल्या बायका तिला 'खासदारीणबाई' म्हणून चिडवायच्या. अकरा वर्षं चिडवलं. बेटांवरचे असे कितीतरी लोक गावोगावी तोच हट्ट धरून बसले होते. शेवटी २०२०च्या डिसेंबरात नवा कायदा झाला आणि वगळलेले लोक योजनेत परत आले.

जानेवारीत ती मामाला घेऊन सरकारी कचेरीत गेली. खिडकीतला पोरगेला कारकून मास्कच्या आडून म्हणाला, "कम्प्युटर तुमचा देश घेत नाहीये, बाई."

"कम्प्युटर जुना आहे. कायदा नवा आहे." तिने छापून आणलेली पानं काचेखालून सरकवली. नेमकी ओळ पिवळी केलेली होती.

"मला तसा अधिकार नाही."

"मग ज्यांना आहे त्यांना बोलवा. मी आज रजा टाकून आलेय."

मामा पुटपुटला, "चल गं पोरी, आपला अपमान कशाला?"

"मामा, बसा खाली. हे मागणं नाही, हक्क आहे."

दोन तास ती दोघं बसून राहिली. वरच्या बाई आल्या, पानं वाचली, राज्याच्या राजधानीत फोन केला आणि कारकुनाला म्हणाल्या, "यांचं बरोबर आहे. अर्ज घे."

पुढच्या शनिवारी चर्चच्या आवारात गाड्यांची रांग लागली. नेमोरने खिडकीखिडकीशी उभं राहून त्रेसष्ट अर्ज भरून घेतले. चिडवणाऱ्या बायका पेन घेऊन तिच्या मदतीला आल्या होत्या.

वसंतात मामाच्या डोळ्यावरची पट्टी निघाली. त्याने भाचीकडे निरखून पाहिलं.

"अगं, तू तर म्हातारी झालीस की!"

"तुमच्यापायीच!" ती म्हणाली आणि नर्ससकट सगळे हसत सुटले.

त्या रविवारी जेबान मामा चर्चमध्ये उभा राहिला आणि कुणाच्याही आधाराशिवाय, भजनाच्या पुस्तकात बघून, खड्या आवाजात गायला.